गावतळ्याला हात लावण्यापूर्वी

उन्हाळा लागला की वाचकांचे तेच प्रश्न पुन्हा येतात. आमच्या तळ्यात हिरवं माजलंय, जेसीबी लावून एकदाच साफ करून टाकू का? डास वाढलेत, गप्पी मासे सोडू का? मुलाने पाळलेलं कासव आता मोठं झालंय, ते तळ्यात सोडलं तर चालेल ना? सोसायटीसमोरच्या तळ्याला पालिका चारही बाजूंनी भिंत बांधतेय, ते थांबवता येईल का? प्रश्न वेगवेगळे असले, तरी त्यांच्यामागचा गोंधळ एकच आहे. तळं स्वच्छ करणं म्हणजे ते रिकामं करणं, असं आपण धरून चाललो आहोत.

तळ्यातलं जीवन मधल्या खोल पाण्यापेक्षा काठावरच्या उथळ पट्ट्यात जास्त असतं. बेडकांची अंडी, माशांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, पाणपक्ष्यांची घरटी हे सगळं गुडघा-मांडीभर पाण्यात आणि तिथल्या वनस्पतींत सापडतं. आपण स्वच्छतेच्या नावाने सर्वांत आधी हाच पट्टा खरवडतो. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय घेताना एक कसोटी लावा: या कामानंतर तळ्याचा उथळ, वनस्पतींनी भरलेला काठ शिल्लक राहणार आहे का?

पहिली पायरी: तळं ओळखून घ्या

कामाचा ठराव करण्यापूर्वी दोन-तीन जणांनी तळ्याभोवती सावकाश फेरी मारावी आणि वहीत या गोष्टी लिहाव्यात:

- पाणी कुठून येतं? ओढ्यातून, शेतांतून की गटारातून? प्रत्येक तोंड नकाशावर दाखवा.
- पाणी कुठून जातं? सांडवा मोकळा आहे की बुजला आहे? पावसाळ्यात अनेक मासे अंडी घालायला याच वाटेने शेतांत आणि ओढ्यांत चढतात.
- मालकी कोणाची? सातबारा आणि गाव नकाशा पाहा. तळं ग्रामपंचायतीचं, जिल्हा परिषदेचं, जलसंधारण विभागाचं, पालिकेचं किंवा खाजगीही असू शकतं. परवानगी आणि तक्रार या दोन्हींची दिशा इथेच ठरते.
- कोण वापरतं? मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, गुरं कुठे उतरतात, शिंगाडा किंवा कमळकाकडी कोण काढतं? ही माणसं बैठकीत नसतील तर बैठक पुढे ढकला. तळ्याची सर्वांत जास्त माहिती त्यांनाच असते.
- काय जगतं? वनस्पती, मासे, पक्षी, कासवं. नावं ठाऊक नसतील तर फोटो काढा.

ही नोंद नुसती कागदावर राहू देऊ नका. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणं हे तिचं काम आहे. तुमच्या तळ्याची नोंद त्या वहीत आहे का ते विचारा आणि नसेल तर करवून घ्या. पुढे वाद झाला, तर हा अधिकृत दस्तऐवज तुमच्या बाजूने उभा राहतो.

कोणती वनस्पती ठेवायची, कोणती काढायची?

गावात पाण्यातल्या सगळ्या हिरव्या गोष्टींना सरसकट शेवाळ म्हटलं जातं आणि सगळ्यांना एकच शिक्षा होते. त्यापेक्षा तीन याद्या करा.

ठेवायच्या वनस्पती

- पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम. या पाण्यात प्राणवायू सोडतात आणि माशांच्या पिल्लांना लपायला जागा देतात. अनेक पाणबदकांचं हे अन्नही आहे.
- तळाला मुळं आणि पृष्ठभागावर पानं असणाऱ्या कुमुद आणि कुमुदिनी. यांच्या पानांवरून कमळपक्षी चालतो आणि पावसाळ्यात पाण्यावरच्या पानांवर घरटं करतो.
- काठावरची लव्हाळ्याच्या जातीची गवतं, देवभात आणि नाळीची भाजी. यांची मुळं काठ धरून ठेवतात आणि वाहून येणारा गाळ अडवतात.

काढायच्या वनस्पती

- जलपर्णी: फुगीर देठ आणि जांभळी फुलं. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून भारतात आली.
- साल्व्हिनिया: लहान, घडी पडलेल्या पानांची दाट गादी करणारं नेच्याच्या कुळातलं तण. हेही दक्षिण अमेरिकेतलं.
- बेशरम: काठावर आणि उथळ पाण्यात फोफावणारं, फिकट जांभळ्या फुलांचं झुडूप. तोडलेल्या फांदीचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी रुजतो. गुरं सहसा तोंड लावत नाहीत आणि शेळ्यांनी खाल्लं तर त्यांना विषबाधा होते.

लक्ष ठेवायच्या वनस्पती

पाणकणीस आणि कमळ दोन्ही आपल्याकडचीच आहेत. पाणकणसात अनेक पक्षी निवारा घेतात. पण गाळ आणि सांडपाणी वाढलं की हीच झाडं सगळा उथळ भाग व्यापतात आणि दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही. त्यांचा एक भाग राखा आणि बाकी आटोक्यात ठेवा. शोभेसाठी लहान तळ्यात कमळ लावण्याचा मोह टाळा. काही वर्षांत पाण्याचा पृष्ठभाग पूर्ण झाकला जाऊ शकतो.

तळ्याचं सगळं पाणी रंग कालवल्यासारखं हिरवंगार झालं असेल आणि उग्र वास येत असेल, तर तो सूक्ष्म शैवालांचा भर आहे. त्यातले काही प्रकार विषारी असतात. हा भर ओसरेपर्यंत गुरांना तिथे पाणी पाजू नका आणि सांडपाणी कुठून शिरतंय ते शोधा.

जलपर्णी काढताना

पुण्याच्या पवना-इंद्रायणीपासून कोल्हापूरच्या पंचगंगेपर्यंत दरवर्षी जलपर्णी काढली जाते आणि दरवर्षी ती पुन्हा येते. कारण सरळ आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे तिचं खत आहे. अनुकूल हवामानात तिचा पसारा दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो आणि तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकून राहतं. म्हणजे एकदाच काढून टाकण्याची योजना मुळात शक्यच नाही. दरवर्षी थोडं काम करण्याचीच तयारी ठेवावी लागते. क्रम असा ठेवा:

१. आधी सांडपाण्याची तोंडं बंद करा किंवा वळवा. हे जमत नसेल, तर निदान लेखी मागणी तरी आधी करा. नाहीतर खर्च वाया जाणार हे धरूनच चाला.

२. फुलं येण्यापूर्वी काढा. बी तयार झालं की पुढच्या पिढ्यांची सोय झाली.

३. तुकडे मागे ठेवू नका. वाऱ्याने ती ज्या बाजूला जमा होते, तिथे दोर किंवा बांबूचा अडथळा लावून ओढून काढा. शेवटी होडीतून फिरून सुटी रोपं वेचा. पुढचे काही महिने दर पंधरवड्याला ही वेचणी चालू ठेवा.

४. घरटी तपासा. टिबुकली ओल्या पाणवनस्पतींचा ढीग करून त्याचं तरंगतं घरटं बांधते आणि उठून जाताना अंडी वनस्पतींनी झाकते. वरून पाहणाऱ्याला तो कचराच वाटतो. असा ढीग दिसला तर भोवतीचा भाग सोडून काम करा.

५. काढलेला माल काठावर टाकू नका. तो कुजून त्याचा रस पुन्हा तळ्यातच उतरतो. तळ्यापासून दूर, उंचावर पसरा. जलपर्णीत बहुतांश पाणीच असल्यामुळे वाळल्यावर ढीग खूप लहान होतो आणि मग कंपोस्ट करता येतं. कारखान्याचं पाणी येणाऱ्या तळ्यातली जलपर्णी जड धातू शोषून घेते. तिचं खत भाजीपाल्याला घालू नका आणि ती जनावरांनाही देऊ नका.

६. यंत्र धुऊनच पुढच्या गावी पाठवा. बादलीला किंवा चाकाला चिकटलेला एक तुकडा दुसऱ्या तळ्याला पुरेसा असतो.

फवारणीचं काय? तणनाशकाने जलपर्णी चार दिवसांत पिवळी पडते आणि काम झालं असं वाटतं. पण मेलेला सगळा भार तळाशी बसून कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पिण्याच्या, गुरांच्या किंवा मासेमारीच्या तळ्यावर फवारणीचा प्रस्ताव आला, तर औषधाचं नाव, मात्रा आणि पाण्यात वापरण्याची परवानगी लेखी मागा.

किडे सोडून तण मारता येतं का? येतं, पण संयम हवा. जलपर्णी खाणारे निओकेटिना जातीचे भुंगे भारतात १९८० च्या दशकापासून वापरात आहेत. त्यांना परिणाम दाखवायला काही वर्षं लागतात आणि सांडपाणी भरपूर असेल, तर तणाची वाढ त्यांना भारी पडते. साल्व्हिनियाच्या बाबतीत मात्र उत्तम अनुभव आहे. मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या सारणी जलाशयात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने सिर्टोबॅगस हा भुंगा सोडला आणि जलाशय मोकळा झाला. असे किडे खाजगी विक्रेत्यांकडून घेऊ नका. कृषी विद्यापीठ किंवा या संचालनालयामार्फतच मागवा.

मासे सोडण्यापूर्वी

तळ्यात मासे सोडणं हे अनेक संस्थांना पुण्याचं काम वाटतं. परंतु एकदा सोडलेला मासा परत काढता येत नाही. त्यामुळे आधी हे पाहा:

- थाई मांगूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकी मांगूर कधीही सोडू नका. त्याच्या संवर्धनावर भारतात २००० पासून बंदी आहे. तो इतर मासे, बेडूक, जे सापडेल ते खातो.
- चिलापी १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो वर्षातून अनेकदा अंडी घालतो, पिल्लं तोंडात सांभाळतो आणि हळूहळू इतरांची जागा घेतो. ज्या तळ्यात तो नाही, तिथे नेऊ नका.
- सकर मासा, म्हणजे काचेच्या टाकीची काच चाटणारा काळपट, खवल्यांच्या चिलखताचा मासा, काठात बिळं करतो आणि जाळी फाडतो. महाराष्ट्रातल्या मच्छीमारांच्या जाळ्यातही तो सापडू लागला आहे. जाळ्यात आला तर परत पाण्यात टाकू नका.
- कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडायची असेल, तर तळ्याचा आकार आणि मत्स्य विभागाचा सल्ला पाहून संख्या ठरवा. गवत्या मासा सोडला की तो पाणवनस्पती फस्त करतो. त्याबरोबर स्थानिक माशांचं पाळणाघरही जातं.
- स्थानिक मासे म्हणजे मरळ, मागूर, शिंगटी, वाम यांना बाहेरून आणण्यापेक्षा त्यांची अंडी घालण्याची वेळ आणि जागा राखा. पावसाच्या सुरुवातीला उथळ भागात मासेमारी बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत करा.

ठेका दिला जात असेल, तर करारात कोणत्या जातीचं बीज सोडलं जाईल हे लिहून घ्या. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, तर प्राणवायू कमी पडतोय. त्या दिवशी खाद्य किंवा शेण तळ्यात टाकणं ताबडतोब थांबवा.

डासांसाठी तळं बुजवू नका

डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या आणि घराभोवतीच्या साठलेल्या पाण्यात वाढतो: टाक्या, कुंड्यांखालच्या बशा, कूलर, टायर. क्युलेक्स डास गटारात आणि घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. मासे, चतुरांच्या अळ्या आणि पाणकिडे असलेल्या जिवंत तळ्यात डासांच्या अळ्या फार काळ टिकत नाहीत. डास वाढले असतील, तर आधी गटाराची आणि घरांची पाहणी करा.

गप्पी आणि गॅम्बुशिया हे दोन्ही मासे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डास निर्मूलनासाठी परदेशातून भारतात आणले गेले. बंदिस्त हौद, वापरात नसलेली विहीर, बांधकामावरची टाकी अशा ठिकाणी गप्पीचा उपयोग करा. मोकळ्या तळ्यात, ओढ्यात किंवा सड्यावरच्या पावसाळी डबक्यात मात्र सोडू नका. ते स्थानिक माशांची पिल्लं आणि बेडकांचे डिंबही खातात. पिक्कूसारखे आपले लहान मासे हेच काम आधीपासून करत आलेले आहेत.

घरातलं कासव, घरातले मासे

दुकानात नाण्याएवढं मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असणारं कासव मूळ अमेरिकेतलं आहे. ते ताटाएवढं होतं आणि दोन-तीन दशकं जगतं. घरात मावेनासं झालं की लोक ते देवळाच्या कुंडात किंवा तळ्यात सोडतात. तिथे ते अन्न आणि ऊन खायच्या जागा या दोन्हींसाठी आपल्या कासवांशी झगडतं.

तुमच्याकडे असं कासव असेल तर:

- ते तळ्यात, नदीत, देवळाच्या कुंडात सोडू नका.
- शेवटपर्यंत सांभाळा किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारून जवळच्या बचाव केंद्राकडे द्या.
- काचेच्या टाकीतलं पाणी आणि वनस्पतीही ओढ्यात ओतू नका. जलपर्णी अजूनही काही रोपवाटिकांत शोभेची म्हणून विकली जाते, ती विकत घेऊ नका.

भारतीय कासव घरात ठेवणं ही मात्र गंभीर बाब आहे. पाठ गुळगुळीत आणि कातड्याची, लांबट नाक, मागच्या पायांवर झाकणासारख्या झडपा असं कासव आपल्या गावतळ्यांत आढळतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. शुभशकुन म्हणून हौदात ठेवलं तरी गुन्हाच होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. कोणी असं कासव विकताना दिसलं तर विकत घेऊन सोडवू नका, त्याने धंदा वाढतो. वन विभागाला कळवा.

गाळ काढताना

गाळ काढणं गरजेचं असतं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून शेतकऱ्यांना तो शेतासाठी नेताही येतो. नुकसान होतं ते पद्धतीमुळे.

- सगळं तळं एकाच वर्षी उकरू नका. अर्धा भाग यंदा, अर्धा पुढच्या वर्षी. त्यामुळे वनस्पतींची मुळं, बी, शिंपले आणि गोगलगायी एका भागात शिल्लक राहतात आणि तिथून दुसरीकडे पसरतात.
- काठाचा उतार मंद ठेवा. सरळ उभी भिंत झाली की बेडूक आणि कासव वर चढू शकत नाहीत, तुतवार-शेकाट्यांना चालायला चिखल उरत नाही आणि गुरं घसरून पडतात.
- मध्ये एक-दोन डोह राखा. उन्हाळ्यात माशांना तोच आसरा असतो.
- तळाची चिकण माती फोडू नका. त्या थराखाली मुरूम लागला की पाणी झिरपून जातं. काळा गाळ संपला की थांबा आणि यंत्रचालकाला हे कामापूर्वीच सांगा.
- चिखलात जीव असतो. मरळ, मागूर आणि मऊ पाठीची कासवं पाणी आटल्यावर ओल्या गाळात तग धरून राहतात. यंत्राबरोबर दोन माणसं ठेवा आणि सापडलेले जीव शेजारच्या पाण्यात सोडा.
- गाळच न्या, वाळू नाही. वाळूउपसा होत असेल तर तहसीलदारांना लगेच कळवा.

सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला तर

दगडी भिंत, सगळीकडे फरसबंदी, कारंजी आणि रात्रभर जळणारे दिवे असा आराखडा अनेक गावांत आणि शहरांत येतो. नुसता विरोध करण्यापेक्षा पर्याय लेखी द्या:

१. पायवाट आणि बाक एकाच बाजूला, उरलेले काठ मातीचे आणि झाडोऱ्याचे.

२. उभ्या भिंतीऐवजी उतरता काठ. जिथे माती ढासळते तिथेच दगड.

३. दिवे फक्त पायवाटेवर, खाली तोंड केलेले, रात्री ठरावीक वेळी बंद होणारे.

४. गणेश विसर्जनासाठी शेजारी कृत्रिम हौद आणि निर्माल्याला वेगळा कलश. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही, रंगांतले धातू गाळात बसतात आणि निर्माल्य कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो.

५. पाव, शेव, पिठाचे गोळे टाकायला मनाई करणारा फलक. न खाल्लेलं सगळं अन्न तळाशी कुजतं.

गेलेल्या वनस्पती परत आणता येतात

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजवटीच्या काळापासून बांधलेले हे तलाव उभारण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा होता. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभाल विस्कटली. गाळ साठला, बेशरम माजली, पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्यामागे ढीवर समाजाला पोसणारे स्थानिक मासेही कमी झाले.

तिथल्या मच्छीमार संस्थांनी आणि महिलांच्या गटांनी काही तलावांत वाट उलटी फिरवली. त्यांची पद्धत तुम्हालाही वापरता येईल:

- पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटा आणि तुकडे वाळवून जाळा.
- उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या उथळ पट्ट्यात हलकी नांगरट करा.
- पाऊस पडून पाणी साठलं की जवळच्या निरोगी तलावातून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदिनी आणि काठावरची गवतं आणून लावा. दूरच्या जिल्ह्यातून किंवा रोपवाटिकेतून आणू नका.
- आणलेला प्रत्येक जुडगा धुऊन पाहा, त्यात जलपर्णीचं रोप नको.
- लावलेल्या पट्ट्यात पहिला हंगाम जाळं आणि गुरं दोन्ही बंद ठेवा.

गोंदियात सारस क्रौंच अशाच तलावांच्या आणि धानशेतीच्या आधाराने घरटं करतो. शेतात सारसाचं घरटं दिसलं, तर भोवतीची धानाची पट्टी सोडून मशागत करा आणि वन विभागाला कळवा.

वर्षाचं वेळापत्रक

- जून ते सप्टेंबर: प्रजननाचा काळ. काठावर यंत्र नाही, सरसकट तणकाढणी नाही. सुटी जलपर्णी हाताने वेचा. वनस्पतींची लागवड याच काळात करा.
- ऑक्टोबर, नोव्हेंबर: जलपर्णी काढण्याचं मोठं काम. स्थलांतरित पक्षी उतरण्याआधी उरकता आलं तर उत्तम.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: पक्ष्यांची मोजणी, फोटो, नोंदी. पुढच्या कामाचा ठराव आणि परवानग्या.
- मार्च ते मे: गाळ काढणं, सांडवा मोकळा करणं, बेशरम उपटणं.

तुमचे हक्क

- तळं गावाचं सामाईक धन आहे. हिंचलाल तिवारी (२००१) आणि जगपाल सिंग (२०११) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने तळी आणि गावच्या सामाईक जमिनी राखण्यावर आणि अतिक्रमण हटवण्यावर भर दिला आहे. अर्जात या निकालांचा उल्लेख जरूर करा.
- पाणथळ नियम, २०१७. रामसर स्थळं आणि अधिसूचित पाणथळ जागांत भराव, अतिक्रमण, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि शिकार यांना मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, होडीचा धक्का वगळता, पक्कं बांधकामही करता येत नाही. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, तर गोव्यात कुडचड्याजवळचा नंदा तलाव ही रामसर स्थळं आहेत. राष्ट्रीय पाणथळ नकाशातल्या २.२५ हेक्टरहून मोठ्या जागांनाही आधीच्या २०१० च्या नियमांतल्या तत्त्वांनी संरक्षण द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.
- इथे एक अडचण आहे. फक्त सिंचन, पिण्याचं पाणी किंवा मत्स्यपालन यांसाठी बांधलेले जलसाठे या नियमांच्या व्याख्येत येत नाहीत. बरीच गावतळी इथेच निसटतात. म्हणून केवळ या नियमांवर विसंबू नका. महसूल नोंद, प्रदूषण आणि वन्यजीव कायदा हे मुद्देही सोबत मांडा.
- सांडपाणी. जल प्रदूषण कायदा, १९७४ नुसार तळ्यात घाण सोडायला मनाई आहे. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. सोडणारी पालिका असली तरीही करता येते.
- मासे आणि पाण्यातली उपज. वनक्षेत्रातल्या तलावांवर वनहक्क कायदा, २००६ मासे आणि जलसाठ्यातली इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क मान्य करतो. ठेका दुसऱ्याला गेला म्हणून हा हक्क आपोआप संपत नाही. ग्रामसभेमार्फत दावा करा.

तक्रार करायचीच असेल तर

१. तारखेसह फोटो, ठिकाण आणि जागेचा गट क्रमांक गोळा करा. जुना नकाशा आणि आजची स्थिती शेजारी ठेवा.

२. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. तळ्याचं क्षेत्र, मोजणी, ठेक्याचा करार, कामाचं अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी मागा.

३. ग्रामसभेत किंवा प्रभागात ठराव करून त्याची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. पोच घ्या, कारण पोच नसलेला अर्ज पुढे सिद्ध करता येत नाही.

४. काम थांबलं नाही, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. बैठकींच्या आश्वासनांत ही मुदत निघून जाते, म्हणून पहिल्या दिवसापासून तारीख लिहून ठेवा.

५. ठेकेदाराशी किंवा यंत्रचालकाशी हातघाई करू नका. कासव, घरटं, शिकार असं काही दिसलं, तर १९२६ वर कळवून तिथेच थांबा.

इतक्या याद्या वाचून काम मोठं वाटेल. पण यातलं बहुतेक काम पैशाचं नाही, नजर ठेवण्याचं आहे. या आठवड्यात दोनच गोष्टी करा: तळ्याचा सातबारा काढा आणि पाणी आत येणारी प्रत्येक जागा पाहून या. मालक कोण आणि घाण कुठून येते हे कळलं की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. उरलेल्या निम्म्यांसाठी तळ्याचा उथळ काठ सांभाळा. तिथे मासे, बेडूक आणि पक्षी टिकले, तर तुमचं तळं पुढच्या पिढीलाही पाणी आणि मासे देत राहील.